‘मोजे वाढवा’ एवढंच सांगून चालणार नव्हतं

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. एक स्टार दिलात त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की वडिलांच्या गुडघ्याखालच्या कृत्रिम पायाचे ६८ हजार घेतले, मे महिन्यातल्या लग्नाआधी पाय हातात दिला हे बरं केलं, पण तीन महिन्यांत तो सैल पडला आणि नडगीच्या टोकाला जखम झाली. फोन केला तर ‘मोजे वाढवा’ (म्हणजे कृत्रिम पायाच्या आत घालायचे मोजे) एवढंच उत्तर मिळालं. शेजारच्यांना शिबिरात फुकट मिळालेला जयपूर फूट मात्र पाच वर्षं छान चाललाय. वडिलांच्या तब्येतीबद्दल तुम्ही स्वतः इथे लिहिलंत तेवढ्यावरच मी बोलतो. आमच्या फाइलमधलं काही चारचौघांत मांडणार नाही.

आधी जखमेचं. ती पूर्ण भरेपर्यंत काकांना तो पाय घालू देऊ नका, देवळापर्यंत जायचं असलं तरी नको. तुम्ही शुगरचं लिहिलंय, तिच्यामुळे संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे ‘दुखत नाहीये’ यावर विसंबू नका. आज-उद्याच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा. सुजेसाठी बँडेज बांधायचं का, तेही त्यांनाच विचारा.

आता चुकीचं बोलतो. तुम्ही आमच्या ज्या एका गोष्टीचं कौतुक केलंत, ती म्हणजे लग्नाआधी पाय दिला, तिथेच आम्ही चुकलो.

तुम्ही लिहिलंय की ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. आम्ही प्लास्टरचं माप घेतलं एप्रिलच्या मध्यावर, म्हणजे जेमतेम दहा आठवड्यांनी. तेव्हा स्टंपवर, म्हणजे ऑपरेशननंतर उरलेल्या पायाच्या भागावर, सूज असतेच. पुढचे कित्येक महिने तो आकसत राहतो. सूज उतरते, वापरात नसलेली पोटरी सुकते. अशा वेळी आधी तात्पुरतं सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो ते कवच, द्यायचं, त्यावर चालायला शिकवायचं आणि स्टंप स्थिरावला की पक्कं सॉकेट बनवायचं, ही खरी पद्धत. आम्ही घाईत थेट पक्कं बनवलं. घाई तुमची होती असं मी म्हणणार नाही. लग्नघरात घाई असायचीच. तिथे ‘थांबा’ म्हणणं माझं काम होतं, आणि सॉकेट काही महिन्यांत बदलावं लागेल हे बिलावर लिहून देणंही माझंच काम होतं. मी तोंडी काहीतरी बोललो असेन, पण ते कामाचं नाही.

‘मोजे वाढवा’ हा सल्ला अगदीच खोटा नाही. स्टंप सकाळी फुगलेला असतो, संध्याकाळपर्यंत बारीक होतो, म्हणून दिवसातून एखादा मोजा चढवणं-उतरवणं हे रोजचंच. पण त्याला मर्यादा आहे, आणि ती फोनवर कळत नाही. आकसतं ते मांस, हाड आकसत नाही. मोजा मात्र सगळीकडून सारखाच जाड. म्हणजे मोजे वाढवत गेलं की पोटरीकडची पोकळी अर्धवटच भरते आणि नडगीच्या हाडावर मात्र दाब वाढतो. काका चार मोजे घालतात असं तुम्ही लिहिलंय. मोज्याची जाडी प्लायमध्ये मोजतात; पाच प्लायचे असतील तर वीस प्लाय झाले. आमच्याकडे दहाच्या वर गेलं की पेशंटला बोलवायचं असा नियम आहे. फोनवरच्या मुलाला तो ठाऊक नव्हता, ही जबाबदारी माझी. (तुम्ही लिहिलंय तसं माप ‘दुकानातल्या पोरांनी’ घेतलं नव्हतं, एवढं मात्र सांगतो. माप मी स्वतः घेतलं आणि माझी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे. त्यामुळे चूकही माझ्याच नावावर.)

जखम नेमकी टोकालाच का झाली तेही सांगतो. काकांच्या सॉकेटमध्ये वजनाचा मोठा वाटा गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली पेलला जातो, तिथे आतून एक उंचवटा ठेवलेला असतो. स्टंप बारीक झाला की तो विहिरीत सोडलेल्या बादलीसारखा खाली सरकतो. मग उंचवटा वाटीवरच दाबतो आणि हाडाचं टोक तळाला टेकतं. पाय काढल्यावर कुठे लाल झालंय ते रोज आरशात बघायचं. लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही, तर पाय पुन्हा न घालता आम्हाला कळवायचं. हेही आम्ही कागदावर लिहून द्यायला हवं होतं.

शेजाऱ्यांच्या जयपूर फूटबद्दल तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि मास्टर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला, तो अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसांसाठीच. मी त्याला कधी नावं ठेवत नाही. फक्त शेजाऱ्यांचा स्टंप कित्येक वर्षांचा, मुरलेला. काकांचा अजून बदलतोय. समजा, तेच फुकटचं सॉकेट एप्रिलमध्ये काकांना बसवलं असतं, तरी ऑगस्टमध्ये तेही सैल झालं असतं.

‘सिलिकॉन लायनर घेतला असता तर हे झालं नसतं’ असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. इथे मी सहमत नाही. लायनर, म्हणजे स्टंपवर चढवायचं सिलिकॉनचं मऊ आवरण, चांगलाच असतो, पण बदलत्या स्टंपवर तोही ढिला होतो. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात आत घामाचं पाणी साचतं, रोज सौम्य साबणाने धुऊन वाळवावा लागतो आणि खिशाला जड. वर्षभराने स्टंप स्थिरावला की त्याचा विचार करू, आत्ता तो विकणं मला पटत नाही.

तुमच्या अभिप्रायातलं एक वाक्य मात्र मला सगळ्यात उपयोगी पडलं: ‘सपाटीवरसुद्धा चढ चढल्यासारखं वाटतं म्हणतात.’ हे सैलपणामुळे नाही. आम्ही पायाची जुळणी केली ती काकांनी त्या दिवशी घातलेल्या बुटावर. घरी-शेतात ते सपाट चप्पल घालत असणार. टाच एखादा सेंटीमीटर खाली गेली तरी आख्खा पाय मागे कलतो, गुडघा मागे रेटला जातो आणि माणसाला चढ लागतो. ते कुणी फोनवर विचारलंच नाही.

पैसे पूर्ण परत करणार नाही. पाऊल, नळी आणि जोड चांगले आहेत, तेच पुन्हा वापरता येतील. नवं माप, आधी पारदर्शक चाचणी सॉकेट, मग पक्कं सॉकेट, त्याचा एक रुपयाही घेणार नाही. त्यानंतर वर्षभरात पुन्हा सैल झालं तरीही नाही. जखम भरली असं डॉक्टरांनी लिहून दिलं की बिलावरच्या नंबरावर फोन करा, तो आता मीच उचलतो. मिरजेपर्यंत एसटीने आणायची दगदग नको, माप घ्यायला मी गावी येईन. जुने मोजे सगळे काढून ठेवा, आणि काका शेतात जाताना घालतात ती चप्पलही. नवी घेऊ नका, झिजलेलीच हवी.