रस्त्याआधी विषयपत्रिका दारात यावी

15 जानेवारी 2026 रोजी आपण मतदान केले आणि जवळजवळ चार वर्षांनंतर नागपूर महानगरपालिकेला निवडून आलेले सभागृह मिळाले. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्येच संपली होती. तेव्हापासून आमसभेचे, म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेचे, आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासक या नात्याने आयुक्तांकडे होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि त्याला मंजुरी देणारा एकच. या काळात कामे झाली नाहीत असे मी म्हणणार नाही, काही तर एरवीपेक्षा लवकर झाली. परंतु एखाद्या प्रस्तावावर कोणी उभे राहून ‘हे काम कशासाठी?’ असे विचारले आणि त्याची इतिवृत्तात नोंद झाली, अशी सोय त्या चार वर्षांत उरली नव्हती.

आता 38 प्रभागांतून 151 नगरसेवक निवडून आले आहेत. महापौर कोण, कोणाला कोणती समिती, याची चर्चा पानठेल्यांवर पुरेशी झाली आहे. माझा विषय त्याहून रुक्ष आहे: सभेची विषयपत्रिका.

आपल्या गल्लीत दगड-गिट्टी येऊन पडते तेव्हा आपण जागे होतो, पण तोवर निर्णय कधीच झालेला असतो. ‘प्रभाग क्रमांक अमुक अंतर्गत तमुक यांच्या घरापासून चौकापर्यंत रस्त्याचे सिमेंटीकरण करणे, प्रशासकीय व वित्तीय मंजुरीबाबत’ अशा एका ओळीत तो लिहिलेला असतो. त्या ओळीत रस्त्याची उंची किती वाढणार, पावसाळी नाली कुठे उतरणार, जुना डांबरी थर काढणार की त्यावरच काँक्रीट ओतणार, यांपैकी काहीही नसते. हे तपशील सोबतच्या टिपणीत आणि अंदाजपत्रकात असतात आणि ते कागद नागरिकाच्या हाती सहसा पडत नाहीत.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. आमच्या ले-आऊटमधला रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा आम्ही आनंदाने पेढे वाटले होते. पहिल्याच जोरदार पावसात लक्षात आले की रस्ता आमच्या अंगणाच्या वर गेला आहे आणि पाण्याला घराकडेच उतार मिळाला आहे. आता दर जूनमध्ये फाटकाशी वाळूची पोती लावणे हा आमच्याकडचा ऋतुसंस्कार झाला आहे. ते काम कोणत्या यंत्रणेचे होते हे येथे लिहिण्यात अर्थ नाही. या शहरात महानगरपालिका, 1936 पासून चालत आलेली नागपूर सुधार प्रन्यास आणि सार्वजनिक बांधकाम विभाग असे अनेक जण रस्ते करतात, आणि तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला प्रत्येक टेबलावर दुसऱ्याचा पत्ता मिळतो.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले. तलावाच्या सांडव्यावर आणि नदीपात्रातील अडथळ्यांवर तेव्हापासून पुष्कळ बोलले गेले, ते योग्यच आहे. मात्र पाण्याचा मार्ग अडवणारा निर्णय एकाच दिवशी होत नाही. एखादी भिंत, एखादी नाली बुजवणे, एखाद्या रस्त्याची वाढलेली उंची, असे छोटे विषय वर्षानुवर्षे वेगवेगळ्या सभांत ‘मंजूर’ होत जातात. त्यांपैकी एकही विषय वाचताना धोकादायक वाटत नाही, हीच खरी अडचण आहे.

त्यामुळे येणाऱ्या सभांत माझे लक्ष दोन गोष्टींकडे राहील. पहिली म्हणजे आयत्या वेळचे विषय. पुराची निकड असेल तर असा विषय अवश्य घ्यावा. परंतु वर्षभर आधीपासून ठाऊक असलेल्या कंत्राटाची मुदतवाढ सभेच्या दिवशीच पटलावर येत असेल, तर ज्या नगरसेवकाने ती वाचलेलीच नाही त्याच्या हात वर करण्याला काय अर्थ उरतो? मागच्या सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा, म्हणजे ते बरोबर आहे अशी मान्यता देण्याचा, विषयही सारे जण उपचार म्हणून उरकतात, पण सभेत बोललेले आणि कागदावर उतरलेले यांतला फरक तिथेच पकडता येतो.

दुसरी गोष्ट अर्थसंकल्पाची. आयुक्त तो स्थायी समितीपुढे ठेवतात. 16 सदस्यांची ही समिती त्यात फेरबदल करते आणि मग तो आमसभेकडे जातो. या प्रवासात उत्पन्नाचा अंदाज पुष्कळदा फुगतो, कारण प्रत्येकाला आपल्या प्रभागाचे काम पुस्तकात हवे असते. पुढे पैसा आला नाही की कात्री लागते आणि ती कोणत्या कामांना लागली, हे आपल्याला कोणी सांगत नाही. आपल्या प्रभागाचे काम अर्थसंकल्पात आले म्हणून फलक लावणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की त्यासाठी प्रत्यक्ष निधी उपलब्ध झाला का. (फलक मात्र दरवेळी वेळेवर लागतो.)

नागरिकांना या सगळ्यात जागा नाही असेही नाही. महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. लगतच्या काही मतदान केंद्रांचे मतदार हे तिचे सदस्य असतात आणि नगरसेवक तिचा अध्यक्ष असतो. माझ्या परिचयातल्या एकाही माणसाने आजवर अशी सभा पाहिलेली नाही. गावाला ग्रामसभा असते हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते, आणि आपण शहरातली माणसे मात्र गडर लाइन तुंबली की एकेकट्याने झोन कार्यालयाच्या पायऱ्या चढतो.

आमच्या ले-आऊटमधील अकरा घरांनी मिळून प्रभागाच्या सर्व नगरसेवकांना एक पत्र दिले आहे. आमच्या भागाशी संबंधित विषय सभेपूर्वी टिपणीसह कळवावेत, रस्त्याच्या प्रत्येक कामात आधीची आणि नंतरची पातळी लिहावी आणि पावसाळ्यापूर्वी एक क्षेत्रसभा बोलवावी, अशा तीन मागण्या त्यात आहेत. एका नगरसेवकांनी पत्राची पोच दिली आहे. बाकीच्यांकडे मी पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहे. कोणाला आपल्या प्रभागासाठी पत्राचा मसुदा हवा असल्यास मला कळवावे, मी पाठवीन.