देवी गटारं बांधल्याने गेली नाही

माझ्या भाचीचं बाळ सव्वा महिन्याचं आहे. परवा रात्री तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, दीड महिन्याचे डोस पुढे ढकलू का गं?" घरच्या ग्रुपवर तो टाकला होता तिच्याच आईने, म्हणजे माझ्या ताईने. ताईच्या दंडावर देवी काढल्याच्या, म्हणजे देवी रोगाची लस टोचल्याच्या, दोन गोल खुणा अजून आहेत, आणि तिने हे पुढे पाठवावं! रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

मुख्य दावा असा: "देवी आणि पोलिओ लशीने गेले नाहीत. स्वच्छता आणि सकस आहार वाढला, रोग आपोआप गेले."

१९७४ चं बिहार बघा. त्या वर्षी देशात देवीचे पावणेदोन लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले, सर्वांत जास्त बिहारमध्ये. मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंजला शेवटची रुग्ण सापडली. त्यानंतर देशात एकही नाही. एवढ्या वर्षभरात बिहारच्या खेड्यापाड्यांत गटारं बांधून झाली? घरोघरी दूधतूप पोचलं? मुळात देवी पाण्यातून पसरतच नव्हती. ती रोग्याच्या श्वासातून, त्याच्या अंथरुणा-पांघरुणातून लागायची.

वर्षभरात काय झालं, ते जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ मध्ये छापलेल्या देवी-निर्मूलनाच्या जवळपास दीड हजार पानांच्या इतिहासात बारकाईने दिलंय. आरोग्य कर्मचारी देवी आलेल्या मुलाचा फोटो छापलेलं कार्ड घेऊन दारोदार फिरले, "असं कुणी दिसलं का?" विचारत. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस होतं. रुग्ण सापडला की घरावर पहारा बसायचा आणि आजूबाजूच्या सगळ्यांना दोन टोकांच्या सुईने लस टोचली जायची. विषाणूला पुढचं माणूसच मिळेना, तेव्हा तो संपला. ८ मे १९८० ला जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

पोलिओच्या बाबतीत तर स्वच्छतेचा दावा उलटाच पडतो. १९५२ मध्ये अमेरिकेत पोलिओचे जवळपास ५८,००० रुग्ण झाले, तेही घरोघरी नळ आणि फ्रिज असलेल्या देशात. अस्वच्छतेत वाढणाऱ्या मुलांना हा विषाणू तान्हेपणीच गाठायचा, आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असताना. स्वच्छ घरांत तो उशिरा गाठू लागला आणि जास्त मुलं पांगळी होऊ लागली. १९५५ मध्ये लस आली, त्यानंतर आकडे कोसळले.

फॉरवर्डमधला पुढचा दावा: "थेंबांनीच पोलिओ होतो." यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करते. थेंबांत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. लाखो डोसांत एखाद्या मुलाला त्याने लुळेपणा येऊ शकतो. आणि जिथे बरीच मुलं लशीविना राहतात, तिथे तो मुलामुलांत फिरत पुन्हा जोर धरतो. २०२४ मध्ये गाझात पंचवीस वर्षांनी पोलिओ परतला तो असाच, युद्धात लसीकरण विस्कटल्यावर. डोस चुकलेली मुलं वाढली की हाच धोका वाढतो. शिवाय आता थेंबांबरोबर इंजेक्शनही देतात. त्यातला विषाणू मेलेला असतो, त्याने पोलिओ होऊच शकत नाही.

"यवतमाळला थेंबांनी मुलं आजारी पडली." जानेवारी २०२१ मध्ये तिथे १२ मुलांना थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजलं गेलं. अक्षम्य हलगर्जीपणा होता तो. पण त्या मुलांच्या पोटात लस गेलीच नव्हती.

"थेंबांमुळे पुढे मुलं होत नाहीत." १९९५ पासून पल्स पोलिओचे थेंब घेतलेली पिढी आज आपली मुलं कडेवर घेऊन बूथवर येतेय. माझी भाची त्यातलीच.

"रोग गेलाय, मग डोस कशाला?" २००९ मध्ये जगातले जवळपास निम्मे पोलिओ रुग्ण भारतात होते, ७४१. जंगली पोलिओचा, म्हणजे थेंबांतल्या नव्हे तर मूळ विषाणूने झालेल्या पोलिओचा, भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानातून तो विषाणू अजून गेलेला नाही. देवीची लस आपण बंद केली ती जगातून देवी संपत आल्यावर. पोलिओत तो दिवस आलेला नाही.

ताईला सकाळीच फोन करून मेसेज काढायला लावला. भाचीला कळवलंय: डोस पुढे ढकलू नकोस, गुरुवारी मीही येते, बाळाला मांडीवर मी घेते.