मारहाणीचं नाटक सहकुटुंब कसं पाहावं?

विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' नाटकाला जाताय? छान. पार्किंग मिळालं म्हणजे निम्मी रसिकता सिद्ध झालीच. उरलेली निम्मी परवा माझ्या मागच्या रांगेतल्या काकांकडून शिकले, ती फुकट वाटतेय.

मोबाइल चालू ठेवा. घोषणा इतरांसाठी असते.

सखाराम म्हणजे नवऱ्यांनी टाकलेल्या बायका लग्नाशिवाय घरात ठेवणारा; त्यातल्या लक्ष्मीला मारायला तो कमरेचा पट्टा काढतो तिथे जरा गंभीर व्हा, तेवढं शोभतं. मग रात्री त्याच मार खाल्लेल्या लक्ष्मीला तो दरडावतो, की दिवसा मुंगळ्याशी बोलताना हसत होतीस ना, तशी आत्ता हस. ती कण्हत हसते. इथे तुम्हीही हसा, चांगलं खो खो. नाट्यगृहात जिवंतपणा येतो.

आक्षेप घ्यायचाच तर शिव्यांवर घ्या, लक्ष्मीनंतर त्याने घरात आणलेल्या चंपाच्या दारूवर घ्या. परंपरा आहे. १९७२ साली याच नाटकासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात जावं लागलं. तेंडुलकरांच्याच 'गिधाडे'त भावांच्या लाथांनी माणिकचा गर्भ पडतो, तर तिच्या साडीवरचा लाल डाग सेन्सॉरच्या आक्षेपामुळे निळा करावा लागला. डाग निळा असला की लाथा लागत नाहीत.

'एकच प्याला' असेल तर काम आणखी सोपं. १९१९पासून सगळं दारूवर ढकलायची सोय आहे. दारुड्या सुधाकरच्या काठीने तान्हं मूल जातं आणि सिंधू मरता मरता नवऱ्याला वाचवायला फौजदाराशी खोटं बोलते. तुम्ही डोळे पुसा, पदांना वन्समोअर द्या.

मध्यंतरात वड्याच्या रांगेत एक प्रश्न मोठ्याने विचारायचाच: "पण मी म्हणतो, ती निघून का जात नाही?" लक्ष्मी गेली ना! अंमळनेरला नातेवाइकाकडे गेली आणि चोरीचा आळ घेऊन तिथूनही हाकलली गेली, म्हणून परत त्याच दारात आली. हे रंगमंचावर सांगतात, तुम्ही तेव्हा मेसेज वाचत होतात. नवऱ्याने टाकलेली, माहेर नाही, हातात पैसा नाही. कुठे जायचं तिने? तुमच्याकडे? ठेवून घ्याल? आणि पुढचं वाक्य तर पाठच असतं, "आपल्यात नसतं हो असं." बरोबर आहे. सखाराम निदान पहिल्याच दिवशी घराचे नियम ऐकवतो, इथे माझा शब्द चालणार, जमत नसेल तर दार उघडं आहे. तुम्ही हे लग्नपत्रिकेत छापलं होतं का?

चंपा आपल्या माजी फौजदार नवऱ्याला बडवते, तेव्हा "बायकापण काही कमी नसतात" हे म्हणायला विसरू नका.

सखाराम चंपाचा गळा दाबायला लागला की उठा. गाडी काढायला गर्दी होते.

काका, खरं सांगू? तुम्ही खो खो हसलात तेव्हा शेजारी बसलेल्या काकू हसल्या नव्हत्या. मी मागे वळून पाहिलं. तुम्ही त्यांना कोपराने ढोसलंत आणि म्हणालात, "अगं, हस की." मग त्या हसल्या. समोर काय चाललंय आणि आपण काय बोलतोय, एवढंही कळू नये माणसाला? पट्टा म्हणजे जुलूम आणि तुमचं कोपर म्हणजे चेष्टा होय? नाटक समजत नसेल तर नका येऊ. येणार असाल तर तोंड मिटून बसा, आणि त्यांना कुठे हसायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.