उपहासकार व्हायचंय? आधी राजा मरू द्या

सत्तेवर कोरडे ओढायची हौस आहे ना? मग घाई नको, रोमचा कवी ज्युव्हेनल याचा कित्ता गिरवा. सम्राट डोमिशियनचा खून झाला इ.स. 96 मध्ये. या बहाद्दराच्या उपहासिका, म्हणजे टोमणे मारणाऱ्या कविता, लोकांसमोर आल्या त्या दुसरं शतक उजाडल्यावर. पहिलीच्या शेवटी तो सांगूनच टाकतो, की फ्लामिनियन आणि लॅटिन रस्त्यांच्या कडेला ज्यांची राख पुरली आहे, त्यांचाच मी समाचार घेणार. मेलेला माणूस अब्रुनुकसानीचा दावा ठोकत नाही.

राजा गेला की मात्र हात आखडू नका. चौथ्या उपहासिकेतला मासा बघा. अँकोनाच्या किनाऱ्यावर एका कोळ्याच्या जाळ्यात अवाढव्य चपटा मासा सापडतो. विकायला न्यावा तर जागोजागी खबरे टपलेले. मग तो थेट सम्राटालाच नजर करतो आणि वर म्हणतो, हा आपणहून जाळ्यात आला, महाराज! (खुशामतीची शिकवणी कुणालाच लावावी लागत नाही.) पण एवढं मोठं भांडं आणायचं कुठून? तातडीची बैठक बोलावली जाते, बडी बडी मंडळी धापा टाकत हजर होतात. त्यातला आंधळा कातुल्लुस माशाचं सगळ्यांहून जास्त कौतुक करतो, तेही डावीकडे तोंड करून. मासा असतो उजवीकडे. शेवटी माँटानुस सुचवतो, मासा कापू नये, भांडंच नवीन घडवावं आणि यापुढे छावणीसोबत कुंभार बाळगावेत. सूचना मान्य, बैठक बरखास्त.

स्वतःच्या बाबतीत मिठाची गुळणी धरा. 16 उपहासिका मागे ठेवा, त्यातली शेवटची अर्धवट. जन्म-मृत्यूचा पत्ता लागू देऊ नका. चरित्रकार तुम्हाला परस्पर इजिप्तला हद्दपार करतील, फुकटात हुतात्मा व्हाल.

पुढे कीर्ती आपोआप येते. निरोगी शरीरात निरोगी मन असावं, एवढंच देवाकडे मागा, असं त्यानं लिहिलं. त्या लॅटिन ओळीतला एक शब्द बदलून, आद्याक्षरं जोडून जपानी बूट कंपनीनं आपलं नाव घेतलं, असिक्स. ‘भाकरी आणि खेळ’ हा टोमणा होता जनतेला. आज जनताच तो सरकारला मारते.

‘पहारेकऱ्यांवर पहारा कुणाचा?’ हे वाक्य तर लोकशाहीवरच्या भाषणांत हमखास टाळ्या घेतं. तुम्हीही जरूर वापरा. मात्र ते ज्या सहाव्या उपहासिकेत आहे, ती उघडू नका. तिथे प्रश्न बायकोला कोंडून पहारा बसवण्याचा आहे, आणि ती हुशार बाई सुरुवात पहारेकऱ्यांपासूनच करते. पहिल्या रांगेत तुमची सौ. बसलेली असेल.