कम्युनिटी कॉलेजची 2 वर्षं वाया जात नाहीत, प्लीज नीट वाचा

कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांमध्ये मेसेज फिरतोय की कम्युनिटी कॉलेजात क्रिमिनल जस्टिस (पोलीस, कोर्ट, तुरुंग यांचा अभ्यास) केलं तर 4 वर्षांच्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर झाल्यावर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. असं नाहीये हो! 2010 च्या कायद्यामुळे ट्रान्सफरसाठीची वेगळी असोसिएट (2 वर्षांची) डिग्री, म्हणजे एएस-टी, आलीय, या विषयाला तिथे अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस म्हणतात, 60 सेमिस्टर युनिट्सची (क्रेडिट्सची) ही डिग्री केली की कॅल स्टेटमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत) जागेची हमी मिळते आणि मिळताजुळता मेजर घेतला तर पुढे फक्त 60 युनिट्स उरतात. पण हवा तोच कॅम्पस मिळेल ही हमी नाही, आणि साधी एएस (नेहमीची असोसिएट डिग्री) घेतली तर ही हमी लागू होत नाही, एएस-टीच हवी, मुलं नेमकी इथेच फसतात, म्हणून पहिल्याच सेमिस्टरला काउन्सेलरला भेटा.