573 रुपयांत म्हातारपण बसवण्याची कला

सत्तरी ओलांडल्याबद्दल अभिनंदन! देशाने तुम्हाला 5 लाखांचं आरोग्य संरक्षण दिलं आहे. 11 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, 29 ऑक्टोबरला, म्हणजे धन्वंतरी जयंतीचा मुहूर्त साधून, गरिबांसाठी आधीपासून असलेली आयुष्मान भारत योजना सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी सुरू झाली. उत्पन्नाची अट नाही. बंगला असो की पत्र्याची खोली, वय 70 असलं की आयुष्मान वय वंदना कार्ड तुमचं. आता ही योजना टिकवणं तुमच्या हातात आहे, कारण तिजोरी सांभाळणाऱ्यांना इतर बरीच कामं असतात.

आधी हिशेब समजून घ्या. मंजुरीच्या वेळी सांगितलेली सुरुवातीची तरतूद 3,437 कोटी रुपये आणि लाभार्थी सुमारे 6 कोटी. भागाकार तुम्हीच करा, तुमच्या पिढीचे पाढे पाठ आहेत. माणशी 573 रुपये. कार्डावर 5 लाख लिहिलेत म्हणून हुरळून जाऊ नका. तुमच्या वाट्याला आलेत 573. एवढ्यात बसेल असाच आजार निवडा.

कोणी म्हणेल, विमा असाच चालतो, सगळे एकदम आजारी पडत नाहीत. खरं आहे. तरुण धडधाकट भरतात, आजारी वापरतात, मेळ बसतो. पण इथे नुसते सत्तरीपुढचेच एकत्र केलेत. प्रत्येकाचा नंबर एकाच महिन्यात लागणार अशी ही भिशी आहे. त्यातून हप्ता कोणीच भरत नाही, तो करांतून जातो. साधारण 60 टक्के केंद्र आणि 40 टक्के राज्य. म्हणून शिस्त तुमच्याकडूनच हवी.

शिस्तीची सुरुवात कार्ड काढण्यापासून होते, आणि इथे व्यवस्था तुम्हाला मनापासून मदत करते. सेवा केंद्रात जा. अंगठा लावा. उमटणार नाही, कारण पन्नास वर्षं भांडी घासून नाहीतर खुरपणी करून रेषा गेलेल्या असतात. केंद्रातला मुलगा म्हणेल, ‘आजी, जरा फडक्याला पुसा.’ पुसा. तरी उमटणार नाही. मग ओटीपी मागवतील. तो मुलाच्या फोनवर जाईल, मुलगा मीटिंगमध्ये असेल. मग चेहऱ्याचा फोटो. ‘डोळे मिटून उघडा.’ मोतीबिंदू असलेला डोळा जेवढा उघडेल तेवढा उघडा. जन्मतारीख मात्र तपासून घ्या. शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून लावून दिली असेल आणि त्यात वर्षभराची गफलत असेल, तर कागदावर तुम्ही अजून 69 चे तरुण आहात. तरुणांनी योजनेवर भार टाकू नये.

आता आजाराची निवड. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, महिन्याची तपासणी, डॉक्टरांची फी हे सगळं तुमच्या खिशातून. योजना भरती झाल्यावरची आहे, ओपीडीची नाही. म्हणजे अर्धांगवायू सरकारचा, तो होऊ नये म्हणून घ्यायची गोळी तुमची. यावर उगाच डोकं चालवू नका. रोजची 10 रुपयांची गोळी सरकारने दिली असती तर पुढचे लाखभर वाचले असते, असा विचार मनात आला तर तो वय झाल्याचा परिणाम समजा. भरतीआधीचे 3 दिवस आणि सुटी झाल्यानंतरचे 15 दिवस तेवढे धरलेत. तेव्हा आजाराला सांगून ठेवा, 3 दिवसांत काय ते निदान होऊ दे. फिजिओथेरपी सोळाव्या दिवशी लागली तर भिंत धरून चाला.

आजारी कधी पडावं हेही ठरवून घ्या. मार्चअखेर टाळा. एप्रिलमध्ये तरतूद नवी कोरी असते. हरियाणात 2025 च्या ऑगस्टमध्ये खासगी रुग्णालयांनी थकबाकीसाठी आयुष्मानचे उपचारच थांबवले होते. लोक नावं ठेवतात, पण यातलं अर्थशास्त्र बघा. बिल उशिरा भरलं की रुग्णालय पुढचा पेशंट घेत नाही, पेशंट घेतला नाही की बिल होत नाही. तोट्यात जाऊच शकत नाही अशी योजना जगात दुसरी दाखवा. तुमचं काम एवढंच, की रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी ‘कार्ड चालतं, पण या आजाराला नाही’ असं ऐकलं की वाद न घालता घरी यायचं. फार वाटलं तर पुतण्याला फोन करायचा. त्याची नगरसेवकाशी ओळख असते.

महाराष्ट्रातल्या वाचकांना दुप्पट जबाबदारी. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले योजनाही आहे, तीही 5 लाखांची, आणि आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही खुली. दोन योजना, दोन तिजोऱ्या, आणि गुडघे तेच दोन.

निवृत्तीवेतनवाल्यांनी खासगी विम्याकडे वळायला हरकत नाही. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी विचारा, असं विमा नियामकाने जानेवारी 2025 मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. दरसाल 10 टक्के म्हणजे सत्तरीचा हप्ता सत्त्याहत्तरीला जवळजवळ दुप्पट. पेन्शन तेवढी वाढते का, हा प्रश्न नियामकाच्या अखत्यारीत येत नाही.

एवढं करूनही 573 च्या वर खर्च झालाच, तर एक मार्ग उरतो. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या 2023 च्या अहवालात नोंद आहे, की मूळ आयुष्मान योजनेच्या नोंदींत आधीच मृत दाखवलेल्या 3,446 रुग्णांच्या उपचारांपोटी 6.97 कोटी रुपये दिले गेले. सरासरी काढा. माणशी 20 हजारांच्या वर. जिवंतांच्या तरतुदीपेक्षा पस्तीस पट. त्यांचा अंगठा कसा उमटला हे अहवालात नाही.

तुम्ही अजून पन्नाशीत असाल, तर निवांत राहा. सरकारी आरोग्यखर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं, असं 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं. 2021-22 च्या हिशेबात तो 1.84 टक्के होता. तुमची सत्तरी येईपर्यंत पात्रतेचं वय पंच्याहत्तर होणारच नाही असं नाही. तोवर रोज बारा सूर्यनमस्कार घाला. त्यांना आधीची मंजुरी लागत नाही.