जुनं घर विकायचंय? तो फिरणारा मेसेज सांगलीत तरी मनावर घेऊ नका

सध्या सांगली-मिरजेकडच्या बऱ्याच फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, "मंदीतही जुनं घर चढ्या भावात विका" असल्या मथळ्याचा. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आधी पाच-सात लाख घालून घर चकाचक करा, दुप्पट वसूल होतात. पुराचं कुणी विचारलंच तर सांगा, आपणहून बोलू नका. कागदपत्रं गिऱ्हाईक पक्कं झाल्यावर करा. भाव वीस टक्के चढा सांगा. सगळ्या एजंटांना सांगून ठेवा. घाई करू नका, जागेचा भाव कधी पडत नसतो. आणि अर्धे पैसे रोख घ्या म्हणजे टॅक्स वाचतो.

मी सांगलीत घरांच्या व्हॅल्युएशनची कामं करतो, म्हणजे बँकेत कर्जाची फाईल आली की घर मोजायचं, बघायचं आणि किंमत काढून रिपोर्ट द्यायचा. हा मेसेज वाचून माणसं खरंच कर्ज काढून टाइल्स बसवायला लागलीत म्हणून लिहितोय. बाजार थंड आहे हे खरंय, लोक घर बघायला येतात, चहा घेतात, घरी विचारून सांगतो म्हणतात आणि नंतर फोन उचलत नाहीत. पण लोक टाइल्स बघून पळत नाहीत हो, अडचण दिसली की पळतात.

तर आधी त्या पाच-सात लाखांचं. विश्रामबागच्या बाजूचा १९८५ च्या आसपासचा एखादा बंगला धरा, दोन गुंठे जागा, हजार स्क्वेअर फूट आरसीसी बांधकाम, मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा, खिडक्यांना जाड ग्रिल. आम्ही किंमत काढतो ती जागेची वेगळी आणि बांधकामाची वेगळी. आरसीसीचं आयुष्य साधारण ६० वर्षं धरतात आणि शेवटी भंगाराचे म्हणून १० टक्के सोडतात, बाकीचे ९० टक्के ६० वर्षांत सारखे वाटले की वर्षाला दीड टक्का घसारा, म्हणजे ४० वर्षं झालेल्या बांधकामाचे ६० टक्के गेले. नवीन बांधायला १८ लाख लागणार असतील तर तुमच्या बांधकामाचे उरले सव्वासात लाखाच्या आत, बाकी सगळी किंमत जागेची. आता त्यात तुम्ही सहा लाखाच्या टाइल्स, पीओपी आणि मॉड्युलर किचन घातलं तर इमारतीचं वय कमी झालं का? नाही ना! रिपोर्टमध्ये फिनिशिंगचे थोडेफार जास्त धरले जातील, पण सहाचे बारा सोडाच, सहाचे सहा पण निघत नाहीत. शिवाय दोन गुंठ्यातलं जुनं घर घेणाऱ्यांत पाडून नवीन बांधणारे बरेच असतात, ते तुमच्या नव्या किचनचा एक रुपया देणार नाहीत, आणि जे राहायला घेतात त्यांच्या घरच्या बाईला ओटा आपल्या मनासारखा करून हवा असतो.

मग खर्च करूच नये का, तर करावा, पण जिथं गिऱ्हाईकाला धास्ती वाटते तिथं. स्लॅबची गळती पहिली. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करा आणि एक पावसाळा जाऊ द्या, मग कोरडं छत दाखवा. जुनी पट्टीतली वायरिंग असेल तर निदान मेन बोर्ड आणि एमसीबी नीट करून घ्या. ड्रेनेज तुंबत असेल तर ते. मोझॅक काढू नका, पॉलिश करून घ्या, चांगली मोझॅक अजून पंधरा-वीस वर्षं सहज जाते आणि पॉलिश केल्यावर दिसतेही देखणी. आणि माळा रिकामा करा! आईची पितळी भांडी, मोडका पाळणा, जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे, जड जातं मला कळतं, पण परक्या माणसाला त्या सामानात खोली दिसतच नाही. याला पैसे फारसे लागत नाहीत, दोन रविवार आणि एक टेम्पो लागतो.

पुराचा मुद्दा वाचून मात्र मला खरंच राग आला. बाहेरच्या गावात चालत असेल, पण सांगलीत कुणापासून पूर लपवणार? २००५, २०१९, २०२१, इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे की आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कुठल्या गल्लीत पायरीला लागलं आणि कुठल्या गल्लीत माळ्यावर चढलं हे लोक न विचारता सांगतात.

गावभागात एका घराच्या व्यवहारात मी समोर होतो. घर नुकतं रंगवलेलं, पुट्टीचा वास येत होता. घेणारे तासगावकडचे शिक्षक, सोबत त्यांचे सासरे, धोतर-टोपीतले. मालक सांगत होते की पाणी आपल्याकडं आलं नाही, गल्लीच्या तोंडाशीच थांबलं. सासरे काही बोलले नाहीत, आतल्या खोलीत गेले, भिंतीतलं कपाट उघडलं आणि सगळ्यात खालचा कप्पा ओढला. तो निघेना, प्लायवूड फुगून बसलं होतं. मग त्यांनी कपाटाच्या आतून भिंतीवर हात फिरवला, रंगाऱ्यानं आत ब्रश घातलाच नव्हता, साधारण छातीएवढ्या उंचीवर गाळाची तपकिरी रेघ सरळ आडवी दिसत होती. "मग ही रेघ कशाची हाय मालक?" एवढंच विचारलं त्यांनी. बाहेर आलो तर शेजारच्या आजी कट्ट्यावर बसलेल्या, त्यांनी आपणहून सांगितलं की आम्ही सगळी वरच्या मजल्यावरनं बोटीत बसलो. व्यवहार तिथंच मोडला, आणि पाण्यामुळं नाही मोडला, कारण त्याच मास्तरांनी पुढं पाणी आलेलंच दुसरं घर घेतलं. तिथल्या वहिनींनी पहिल्याच भेटीत २०१९ च्या पंचनाम्याची झेरॉक्स पुढं ठेवली होती, पाणी कुठवर आलं ते भिंतीवर बोट ठेवून दाखवलं, नंतर मीटर आणि स्विचबोर्ड किती वर घेतले तेही दाखवलं.

कायद्याचं बोलायचं तर मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे आणि त्यात स्पष्ट आहे की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या नजरेनं न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगायचाच असतो. त्यामुळं "विचारलं तर सांगा" हा सल्ला तुम्हाला कोर्टाची पायरी चढायला लावणारा आहे. आणि पाडून बांधणारं गिऱ्हाईक असेल तर त्याला पूररेषा बघावीच लागते. निळी रेषा नदीजवळची, लाल रेषा त्याच्या बाहेरची, मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला मनाई, आधीचं अधिकृत घर पाडून बांधायचं असेल तर अटींवरच, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये जोतं लाल रेषेच्या वर घेऊन परवानगी. तुमचं घर यातल्या कुठल्या पट्ट्यात आहे ते महापालिकेच्या नगररचना विभागात आधीच विचारून ठेवा, कारण त्यावर तुमची किंमत ठरणार आहे आणि गिऱ्हाईकाकडून पहिल्यांदा कळणं वाईट.

कागदपत्रं नंतर करू, हा तर घोडं अडवणारा सल्ला. आमच्याकडच्या जुन्या घरांची गत काय असते, प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव, आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, वडीलही गेले, तीन भावांतला एक पुण्यात, एक दुबईत, आत्या कोल्हापूरला, बहीण इचलकरंजीला. इथं राहणारा भाऊ म्हणतो घर माझ्याच ताब्यात आहे, घरपट्टी मीच भरतो. अहो पण घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नाही. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाएवढाच आहे, बहिणीनं "मला काही नको रे दादा" म्हटलं म्हणून तो संपत नाही, रजिस्टर हक्कसोड पत्र लागतं. आणि बहिणीला खरंच हिस्सा हवा असेल तर तो द्या, गिऱ्हाईकासमोर तिला गप्प बसवून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. दुबईतल्या भावाचं मुखत्यारपत्र म्हटलं की तिकडच्या भारतीय कॉन्सुलेटपासून सुरुवात. सिटी सर्व्हेला वारस नोंद म्हटलं की अर्ज, नोटीस, हरकतीची मुदत. यात महिने जातात, आणि टोकन घेऊन बसलेलं गिऱ्हाईक महिने थांबत नाही, त्याची बँक तर अजिबात थांबत नाही, तिला ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी तपासल्याचा वकिलाचा अहवाल लागतो.

शामरावनगर आणि तिकडच्या गुंठेवारीतल्या, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटवरच्या घरांचं तर आणखी वेगळं. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ ला दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. तरी कितीतरी घरांचं नियमितीकरण झालेलं नाही, प्लॉट सामाईक सातबाऱ्यात आणि हातात नुसतं जुनं खरेदीपत्र. नियमितीकरणाचा दाखला नसेल तर बहुतेक बँका फाईलला हातच लावत नाहीत, मग उरतं फक्त रोकड्यानं घेणारं गिऱ्हाईक आणि ते भाव पाडूनच मागणार. टाइल्सच्या सहा लाखांतले थोडे या दाखल्याकडं वळवले तर गिऱ्हाईकांची रांग वाढेल, हे मी कुणालाही लिहून द्यायला तयार आहे.

वीस टक्के चढा भाव सांगा म्हणतात, कारण घासाघीस होतेच. होते, पण समोर बसलेल्याशी होते. जो आलाच नाही त्याच्याशी कशी करणार? आणि त्यात बँक मध्ये आहे हे लोक विसरतात. समजा ४२ लाखाला ठरलं आणि रिपोर्टात किंमत निघाली ३६. बँक यातला कमी आकडा धरते, त्याच्या ८० टक्के दिले तर कर्ज झालं २८ लाख ८० हजार. म्हणजे घेणाऱ्यानं पदरचे १३ लाख २० हजार घालायचे, वर स्टँप ड्युटी, वर १ टक्का नोंदणी फी म्हणजे कमाल ३० हजार, वर वकील. नोकरदार माणसाला एवढे उभे करता येत नाहीत, मग तो इसार परत मागतो आणि गल्लीत बोभाटा होतो की त्या घराचा व्यवहार फिसकटला. त्यापेक्षा आधी स्वतः रिपोर्ट करून घ्या, शेजारपाजारच्या अलीकडच्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीचा सरकारी उतारा, काढून बघा, त्याच्या चार-पाच टक्के वर सांगा आणि खाली कुठं थांबायचं ते सगळ्या भावंडांनी आधीच ठरवा.

एजंटांबद्दल थोडंच बोलतो. पाच जणांना सांगितलं की पाच वेगळे भाव बाजारात फिरतात, घेणारा सगळ्यात कमी आकडा धरून बसतो. एकच धरा, तीन महिन्यांची मुदत द्या, टक्का-दोन टक्के काय ते लेखी ठरवा.

आता "थांबा, जागेचा भाव पडत नसतो". ४० लाखाचं घर दोन वर्षं कुलूपबंद ठेवलं आणि तेच पैसे साडेसहा टक्क्यानं बँकेत असते असं धरलं तर वर्षाला २ लाख ६० हजार व्याज गेलं, दोन वर्षांचे ५ लाख २० हजार. घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल वेगळं. बंद घर पटापट खराब होतं, कौलातनं पिंपळ उगवतो, उंदीर वायरी खातात, वाळवी चौकटीला लागते, आणि एखादा पावसाळा जोराचा झाला तर भावही गेला. थांबायचंच असेल तर हंगामापुरतं थांबा. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या माणसाच्या हातात द्राक्ष-बेदाण्याचे पैसे आले की तो पोरांच्या शिक्षणासाठी सांगलीत घर बघतो, पाडवा-अक्षय तृतीयेच्या सुमाराला चौकशी वाढते. पितृपक्षात कोण येणार नाही हे सांगायला नको.

राहिला अर्धे रोख घेण्याचा सल्ला. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड, आणि तो घर घेणाऱ्याला नाही, पैसे घेणाऱ्या तुम्हाला. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरतक्त्याचा आकडा खरेदीपत्रातल्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त असला तर इन्कमटॅक्स रेडी रेकनरचाच आकडा धरतं, वर फरकाचा टॅक्स घेणाऱ्यालाही लागतो. आणि आकडा कमी दाखवला की त्याचं कर्जही कमी होतं, म्हणजे आधीच मंदीत मुश्किलीनं मिळालेलं गिऱ्हाईक तुम्ही स्वतःच घालवताय.

एवढं करून वाचतं तरी किती? आजोबांच्या काळातलं, म्हणजे २००१ च्या आधीचं घर असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते. समजा ती ८ लाख निघाली आणि २०२५-२६ मध्ये घर ४० लाखाला गेलं. त्या वर्षी महागाई निर्देशांक १०० चा ३७६ होता, म्हणजे ८ चे झाले ३० लाख ८ हजार, नफा ९ लाख ९२ हजार, त्यावर २० टक्के म्हणजे सेस सोडून दोन लाखाच्या आत. निर्देशांक न धरता साडेबारा टक्के लावले तर ४ लाख होतात, पण जुन्या मिळकतीला इथं राहणाऱ्या माणसाला दोन्हीतलं कमी निवडता येतं. आणि नफ्याच्या पैशातून दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं तर तेवढाही लागत नाही. भावंडांत वाटणी असेल तर प्रत्येकाचा हिशोब वेगळा, प्रत्येकाच्या वाट्याला आणखी कमी येतो. २००१ च्या किमतीचा रिपोर्ट नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून करून घ्या आणि टोकन घ्यायच्या आधी सीएकडं जाऊन बसा, खरेदीपत्र झाल्यावर नाही.